सशुल्क अंदाजपत्रक सॉफ्टवेअर आणि कर्जफेड

सशुल्क अंदाजपत्रक सॉफ्टवेअर म्हणजे कुटुंबाच्या उत्पन्नाचे व खर्चाचे आगाऊ नियोजन करण्यासाठी मासिक किंवा वार्षिक वर्गणी घेऊन पुरवली जाणारी संगणकप्रणाली अथवा मोबाइल अ‍ॅप होय. या प्रकारची सॉफ्टवेअर मुख्यतः अमेरिकेत विकसित झाली. क्रेडिट कार्डाची थकबाकी, शैक्षणिक कर्ज किंवा वाहनकर्ज फेडू पाहणारी कुटुंबे हा त्यांचा एक महत्त्वाचा ग्राहकवर्ग आहे. पैसा पुरत नाही म्हणून जो अंदाजपत्रकाकडे वळतो, त्यानेच त्या अंदाजपत्रकासाठी आणखी पैसे मोजावेत काय, हा प्रश्न त्यामुळे वारंवार उपस्थित होतो. कर्जाची रक्कम, व्याजाचा दर आणि नोंदी ठेवल्यामुळे खर्चात प्रत्यक्ष पडणारा फरक या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून असते. यांपैकी तिसरी गोष्ट निर्णायक असली, तरी वर्गणी भरण्यापूर्वी तिचा अंदाज बांधणे सर्वांत कठीण असते.

संज्ञा

मराठीत ‘जमाखर्च’ आणि ‘अंदाजपत्रक’ हे दोन शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु प्रस्तुत विषयात त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. जमाखर्च हा घडून गेलेल्या व्यवहारांचा असतो. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार क्रमाने उतरवले जातात आणि खतावणीत ते खातेवार लावले जातात. अंदाजपत्रक हे पुढे होणाऱ्या खर्चाचे असते. बाजारात ‘बजेट अ‍ॅप’ या एकाच नावाने विकली जाणारी अनेक साधने वस्तुतः केवळ जमाखर्च मांडतात: गेल्या महिन्यात उपाहारगृहांत किती पैसे गेले हे ती रंगीत आलेखातून दाखवतात, पण पुढच्या महिन्यात किती जाऊ द्यावेत याविषयी मौन बाळगतात. कर्जदाराला दोन्ही गोष्टी लागतात. मात्र कर्ज कमी होते ते दुसरीमुळे.

इतिहास

घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आरंभ वैयक्तिक संगणकाच्या प्रसाराबरोबर झाला. १९८३ साली स्थापन झालेल्या इंट्युइट या अमेरिकी कंपनीचे ‘क्विकन’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये ‘मनी’ हे प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि २००९ मध्ये त्याची विक्री थांबवली. या काळात ग्राहक सॉफ्टवेअर एकदाच विकत घेई व ते वर्षानुवर्षे वापरी. वर्गणीची कल्पना रूढ नव्हती.

२००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मिंट’ने हे चित्र बदलले. बँक व कार्ड यांची खाती जोडली की सर्व व्यवहार आपोआप एका जागी गोळा होत आणि त्यासाठी वापरकर्त्याला काहीही द्यावे लागत नसे. मिंटचे उत्पन्न वापरकर्त्याला क्रेडिट कार्ड, कर्जे व इतर वित्तीय सेवा सुचवून मिळणाऱ्या मोबदल्यातून येई. २००९ मध्ये इंट्युइटने १७ कोटी डॉलरना मिंट विकत घेतले. मार्च २०२४ मध्ये ही सेवा बंद झाली आणि वापरकर्त्यांना इंट्युइटच्याच ‘क्रेडिट कर्मा’ या सेवेकडे वळवण्यात आले. क्रेडिट कर्माच्या उत्पन्नाचा मार्गही मुख्यतः कार्डे व कर्जे सुचवण्याचाच आहे.

‘यू नीड अ बजेट’ हे आज वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे ठळक उदाहरण असून ते ‘वायनॅब’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याचा उगम एका स्प्रेडशीटमध्ये आहे. लेखाशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या जेसी मेकम यांनी नव्या संसाराचा खर्च भागवण्यासाठी केलेला हा तक्ता २००४ पासून विकण्यास सुरुवात केली. पुढे त्याचे सॉफ्टवेअर झाले. २०१५ च्या अखेरपर्यंत ते एकरकमी किमतीला मिळे. त्यानंतर वर्षाला ५० डॉलर वर्गणी सुरू झाली. २०२१ मध्ये ती सुमारे ९९ डॉलर आणि २०२४ मध्ये १०९ डॉलर झाली. दरमहा वर्गणी भरल्यास १४.९९ डॉलर पडतात, म्हणजे वर्षाला सुमारे १८०. काटकसर शिकवणाऱ्या साधनाचीच किंमत नऊ वर्षांत दुपटीहून अधिक व्हावी, यावर जुन्या वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली; ती अस्थानी म्हणता येणार नाही.

कार्यपद्धती

वायनॅब, ‘गुडबजेट’, ‘एव्हरीडॉलर’ यांसारखी साधने पाकीट पद्धतीवर किंवा तिच्या सुधारित रूपावर आधारलेली आहेत. पगाराच्या दिवशी घरभाडे, किराणा, वीज, शाळेची फी अशी नावे घातलेल्या पाकिटांत रोख रक्कम वाटून ठेवायची आणि एक पाकीट रिकामे झाले की दुसऱ्यातून जाणीवपूर्वक उचलायची, ही ती जुनी गृहिणीची युक्ती. सॉफ्टवेअरमध्ये पाकिटांची जागा रकाने घेतात. हाती असलेला प्रत्येक डॉलर कोणत्या ना कोणत्या रकान्यात टाकला जातो. वायनॅबच्या पद्धतीत न आलेल्या पैशाचे वाटप मात्र केले जात नाही. वर्षातून एकदाच येणारे विम्याचे हप्ते किंवा वाहनदुरुस्ती यांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला पडते. कर्जदाराच्या दृष्टीने हा भाग विशेष मोलाचा आहे. नेमाने कर्ज फेडणारे कुटुंब रोजच्या किराण्यापायी पुन्हा कार्डाकडे वळत नाही. ते वळते गाडीचा टायर फुटला किंवा दात दुखू लागला म्हणजे. असे खर्च अनपेक्षित मानले जातात. वास्तविक अनिश्चित असते ती केवळ त्यांची तारीख.

क्रेडिट कार्डाची हाताळणी हे वायनॅबचे दुसरे वैशिष्ट्य होय. किराण्याच्या रकान्यात ३०० डॉलर आहेत आणि कार्डावर ८० डॉलरचा किराणा घेतला असे समजू. सॉफ्टवेअर ते ८० डॉलर किराण्याच्या रकान्यातून काढून कार्डाच्या बिलासाठी राखून ठेवते. नवी खरेदी अशा रीतीने जागीच फेडली जाते आणि जुनी थकबाकी वेगळी दिसू लागते. कार्डाच्या मासिक पत्रकात जुने देणे आणि नवी खरेदी यांची सरमिसळ झालेली असल्याने ‘एवढे भरूनही आकडा का हलत नाही’ हे कोडे अनेकांना उलगडत नाही. ते सोडवण्यास ही एक सोय बरीच उपयोगी पडते.

वर्गणीचा हिशेब

वर्गणी परवडते की नाही हे ठरवण्यासाठी तिची तुलना एकूण कर्जाशी करण्याची प्रथा आहे. पाच हजारांच्या देण्यापुढे शंभर डॉलर क्षुल्लक वाटतात. पण ही तुलना फसवी आहे. वर्गणीची तुलना वाचणाऱ्या व्याजाशी करावी लागते. अमेरिकेत कार्डावरील व्याजाचा सरासरी दर अलीकडच्या वर्षांत २० टक्क्यांच्या वर राहिला आहे. पुढील उदाहरणांत तो वार्षिक २२ टक्के धरला आहे आणि नवी खरेदी होत नाही असे मानले आहे.

कर्ज ५,००० डॉलर आणि दरमहा हप्ता २०० डॉलर असल्यास ते ३४ महिन्यांत फिटते व सुमारे १,७५० डॉलर व्याज जाते. आता हे कुटुंब कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही आणि १०९ डॉलरची वर्गणी, म्हणजे महिन्याला सुमारे ९ डॉलर, हप्त्यातच मिसळते असे समजू. कर्ज ३२ महिन्यांत संपते आणि व्याज सुमारे १,६४० डॉलरवर येते. सॉफ्टवेअर न घेण्याचा लाभ असा जवळजवळ ११० डॉलरचा आहे.

दुसरे कुटुंब वर्गणी भरते. नोंदींमुळे त्याला खर्चातील गळती सापडते आणि वर्गणी भागवूनही हप्ता २५० डॉलरपर्यंत जातो. कर्ज २६ महिन्यांत फिटते, व्याज सुमारे १,२८६ डॉलर होते, म्हणजे मूळ स्थितीच्या तुलनेत ४६४ डॉलर वाचतात. या काळात तीन वार्षिक वर्गण्या मिळून ३२७ डॉलर गेलेले असतात. निव्वळ व्याजाच्या दृष्टीने शिल्लक राहतात १३७ डॉलर. पहिल्या कुटुंबाच्या ११० डॉलरहून हे फार अधिक नाहीत. खरा लाभ आठ महिने आधी मोकळे होण्यात आणि मुक्त झालेला हप्ता पुढे बचतीकडे वळण्यात आहे. तिसऱ्या एखाद्या कुटुंबाला तेच ५० डॉलर साध्या वहीतून सापडले, तर ४६४ डॉलर पूर्णपणे त्याचेच राहतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

लहान कर्जाच्या बाबतीत उत्तर अधिक स्पष्ट आहे. १,००० डॉलरची थकबाकी दरमहा १०० डॉलर भरून १२ महिन्यांत फिटते व त्यावर एकूण व्याज सुमारे ११५ डॉलर होते. एका वर्षाची वर्गणी १०९ डॉलर. सॉफ्टवेअरने समजा सर्वच व्याज नाहीसे केले, तरी हाती सहा डॉलर उरतात.

वायनॅबचा नवा वापरकर्ता पहिल्या दोन महिन्यांत सरासरी ६०० डॉलर आणि पहिल्या वर्षात ६,००० डॉलर वाचवतो, असा दावा कंपनी करत आली आहे. हा दावा खरा धरला तर वर्गणीचा प्रश्नच उरत नाही. परंतु वर्षभर चिकाटीने नोंदी करणारा मनुष्य हा आधीच निर्धार केलेला असतो आणि कंटाळून मध्येच सोडून गेलेल्यांची गणना अशा सरासरीत कशी केली जाते यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. निर्धाराचे फळ कोणते आणि सॉफ्टवेअरचे कोणते, हे या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. कंपनी ३४ दिवसांचा विनामूल्य वापर देते व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक वर्ष मोफत वापरू देते. पगाराचे एक पूर्ण चक्र पाहण्यास ३४ दिवस पुरतात. सवय टिकेल की नाही हे कळण्यास मात्र ते अपुरे आहेत.

मानसशास्त्रीय बाजू

पैसा हा सर्वत्र सारखाच असला, तरी माणसे मनातल्या मनात त्याची वेगवेगळी खाती पाडतात. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या प्रवृत्तीचे विवेचन केले असून २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बचत खात्यात अल्प व्याजाने पैसे पडून असताना कार्डावर २२ टक्के व्याज भरणारी कुटुंबे हे तिचे परिचित उदाहरण. पाकीट पद्धत या दोषाचाच शिस्तीसाठी उपयोग करून घेते.

कोणते कर्ज आधी फेडावे, याविषयी दोन पद्धती प्रचलित आहेत. सर्वाधिक व्याजाचे कर्ज आधी फेडणे गणिताने योग्य ठरते. अमेरिकेत या पद्धतीला ‘अ‍ॅव्हलांच’ म्हणतात. सर्वांत लहान कर्ज आधी संपवण्याच्या पद्धतीला ‘स्नोबॉल’ असे नाव असून डेव्ह रॅमसे या नभोवाणी निवेदकाने तिचा मोठा पुरस्कार केला. एव्हरीडॉलर हे सॉफ्टवेअर त्यांच्याच कंपनीचे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाधारित संशोधनात, व्याज जास्त असलेले मोठे कर्ज बाजूला ठेवून लहान कर्जे मिटवण्याकडे लोकांचा कल असल्याचे व त्यामुळे त्यांचे नुकसान होत असल्याचे दिसून आले. उलट डेव्हिड गॅल व ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये एका कर्जतडजोड कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांची अधिक खाती मिटली होती त्यांची संपूर्ण कर्जमुक्तीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक आढळली. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत: पहिला पैशाचा हिशेब सांगतो, दुसरा धीराचा. दोन्ही पद्धतींचे कोष्टक सॉफ्टवेअर क्षणात मांडते. कागदावर त्यास एखादी संध्याकाळ लागते.

यापेक्षा गंभीर अडचण आकड्यांकडे पाहण्याचेच टाळण्याची आहे. वाईट बातमीची शंका असली की माणूस खाते उघडून पाहत नाही, या वर्तनाला वित्तशास्त्रात शहामृगाची उपमा दिली जाते. येथे आपोआप नोंदी घेणाऱ्या सॉफ्टवेअरची बाजू काहीशी लंगडी पडते. जे स्वतःहून भरते ते न पाहताही भरत राहते; वापरकर्त्याचे लक्ष मागत नाही. दर खर्चाला हाताने आकडा टिपावा लागला तर त्रास होतो, आणि दुसरा आकडा टिपण्याआधी हात क्षणभर थांबतो. बँकखाते जोडण्याची सोय बहुधा सशुल्क आवृत्तीतच असते. ज्या सोयीसाठी पैसे मोजले जातात, तीच कित्येकदा नोंदीचा संस्कार बोथट करते. दुसऱ्या बाजूला, दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्या किंवा घरात लहान मूल असलेल्या माणसाकडून हाताने लिहिण्याची अपेक्षा करणे सोपे आहे, ती पुरी होणे कठीण. दोन महिन्यांत बंद पडलेल्या वहीपेक्षा चालू राहिलेले अ‍ॅप बरे.

मोफत साधने व त्यांची किंमत

विनामूल्य अ‍ॅपचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. जाहिरात व शिफारशीच्या मोबदल्यावर चालणाऱ्या सेवेला वापरकर्त्याच्या थकबाकीची, उत्पन्नाची आणि खर्चाच्या सवयींची तपशीलवार माहिती असते आणि नवे कर्ज घेतले गेले तर तिला लाभ होतो. व्याजमुक्त मुदतीचे नवे कार्ड घेऊन जुनी थकबाकी तिकडे हलवणे काहींना हितकारक ठरते. पण कर्जाच्या जाळ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्याच्या पडद्यावर रोज नव्या कार्डाचे आमंत्रण येणे हे व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातच गुत्ता असण्यासारखे आहे. वर्गणीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच होय.

त्यावर तिसरा मार्गही उपलब्ध आहे. ‘ग्नूकॅश’ हे द्विनोंदी पद्धतीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे; ते शिकण्यास थोडे जड जाते. ‘अ‍ॅक्चुअल’ हे पाकीट पद्धतीचे सॉफ्टवेअर आधी सशुल्क होते, २०२२ मध्ये ते मुक्तस्रोत झाले. स्प्रेडशीटमध्ये स्वतः तक्ता करणे तर कोणालाही शक्य आहे. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्डविषयक कायद्यानुसार प्रत्येक मासिक बिलावर दोन गोष्टी छापाव्या लागतात: केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटण्यास किती काळ लागेल, आणि ३६ महिन्यांत ते संपवण्यासाठी दरमहा किती भरावे. नियोजनाचा सर्वांत महत्त्वाचा आकडा अशा रीतीने ग्राहकाच्या हाती आधीच, फुकट, येऊन पडलेला असतो.

मर्यादा

अंदाजपत्रक हे गळती शोधण्याचे साधन आहे. आवश्यक खर्चच उत्पन्नाहून अधिक असेल, म्हणजे भाडे, औषधे आणि अन्न यांतच पगार संपत असेल, तर सशुल्क किंवा विनामूल्य कोणतेही सॉफ्टवेअर ती तूट नेमकी किती आहे एवढेच सांगू शकते. अशा स्थितीत अमेरिकेतील ना-नफा ऋणसमुपदेशन संस्था धनकोंशी बोलून व्याजदर कमी करून घेतात व एकत्रित हप्ता बांधून देतात. व्याजदर २२ वरून ८ टक्क्यांवर आला, तर त्याची बरोबरी करण्याइतकी काटकसर सामान्य कुटुंबाला क्वचितच साधते. या संस्थांची राष्ट्रीय संघटना १९५१ पासून कार्यरत आहे. भरमसाट शुल्क घेऊन कर्ज ‘मिटवून’ देणाऱ्या व्यावसायिक कंपन्या त्यांच्याहून वेगळ्या असून दोहोंची गल्लत करणे महागात पडते.

भारतातील स्थिती

भारतात क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर सामान्यतः दरमहा ३ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज आकारले जाते. दर अमेरिकेहून चढे असल्याने कर्ज लवकर फेडण्याचा लाभही अधिक आहे; परंतु डॉलरमधील वर्गणी येथे फार जड पडते. १०९ डॉलर म्हणजे नऊ हजार रुपयांहून अधिक. ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी होणारे पाच महिन्यांचे व्याज ८,७५० रुपये असते.

देशी अ‍ॅपपैकी अनेक बँकेकडून येणारे लघुसंदेश वाचून खर्चाची नोंद करतात. या प्रकारातील ‘वॉलनट’ हे लोकप्रिय अ‍ॅप २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्जपुरवठा करणाऱ्या कंपनीने विकत घेतले. खर्चाची वही आणि सावकाराची पेढी एकाच मालकाकडे जाण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांवर आधारलेली ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ व्यवस्था २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. खातेदाराच्या संमतीने व ठरावीक हेतूसाठीच त्याची माहिती दुसऱ्या संस्थेकडे पाठवण्याची तरतूद तिच्यात आहे.

महाराष्ट्रातील पगारदार कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. सेवकांच्या सहकारी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील तरतुदीनुसार वेतनातूनच परस्पर कापला जातो. बँकेत जमा होतो तो उरलेला पगार, आणि अ‍ॅपला दिसतो तोही तेवढाच. भिशीचे हप्ते, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने आणि सराफाकडे गहाण ठेवलेले दागिने यांचीही नोंद कोणत्याही बँकेच्या संदेशात येत नाही. अशा कुटुंबाला अंदाजपत्रकाची सुरुवात वेतनचिठ्ठीवरील एकूण वेतनापासून करून ही देणी हाताने लिहावी लागतात, मग वापरात असलेले साधन सशुल्क असो वा विनामूल्य.